एकशे दहा व्होल्ट

खजिनदार निर्मळ सर म्हणाले, हे बघा,
माझ्या वहीत दोनच रकाने आहेत,
दुरुस्ती किंवा मोड.
पितळ वेगळं, सागवान वेगळं, मोटारीतलं तांबं वेगळं,
भाव विचारून ठेवलाय.

मागची फळी काढली.
उंदरांनी गीतांच्या वहीची पानं कातरून
आत बाळंतिणीची खोली केलेली,
जालन्याची काळी धूळ, शर्टाचं एक बटण,
आणि मोटारीवर पट्टी: एकशे दहा व्होल्ट.
आपल्याकडे येतात दोनशे तीस,
उन्हाळ्यात दीडशे,
कैकदा काहीच नाही.
सोबतचा ट्रान्सफॉर्मर कुठं गेला विचारलं
तर सगळे छताचा पंखा बघायला लागले.

मी पेट्यांचा माणूस.
पेटी हवा बाहेर टाकते, तेव्हा बोलते.
हा ऑर्गन उलटा.
हा हवा आत ओढतो,
चारचौघांत हुंदका आवरताना
माणूस ओढतो तशी.

एकेक सूर उपसून ओठाला लावला, ओढून बघितला.
एकशे बावीस. गंजलेले नऊ, मुके चार,
बाकीचे ठणठणीत.
खोटं कशाला बोलू, मनात वाटणी होऊन गेली:
खर्ज मंठ्याच्या भजनी मंडळाला,
उरलेले परतूरच्या शाळेला,
तीन पेट्या उभ्या राहतील अन् रोज वाजतील.
इथं काय, कोपऱ्यात कॅसिओ आहे,
तबला त्याच्यातच.

इस्तेरबाई पहिल्या बाकावर बसून होत्या.
एकतीस वर्षं त्यांनीच वाजवला.
तुमचं काय म्हणणं, बाई?
"म्हणणं कसलं. सारखा मागं राहायचा.
आम्ही आमेनला, हा अजून ओळीतच.
शेवटी मंडळीच सावकाश गायला शिकली."

मग डावीकडून अडतिसावा सूर हातात आला.
हा तिकडचा नव्हता.
पेटीतला सूर, शेंडा कापलेला,
काडेपेटीच्या काडीनं खाचेत घट्ट बसवलेला,
आणि मुळाशी कानशीचे तीन तिरपे ओरखडे.
ते ओरखडे मी दुसऱ्या कुणाचे समजूच शकत नाही.
सात वर्षं वस्ताद रहमतुल्लांच्या मांडीशी बसलोय,
इथं येऊन गेल्याचं ते कधी बोलले नाहीत.
कुणाची पेटी मोडली असेल त्यांनी
या एका सुरासाठी?
मी मोडायला आलो होतो,
आणि मोड आधीच होऊन गेलेली,
उलट्या दिशेनं.

सर, म्हणलं, तिसरा रकाना आखा.
ते पट्टी शोधायला लागले.

मोटार मोडीत काढा, तिचा जीव गेलाय.
कादराबादच्या भंगारात व्हॅक्यूम क्लीनर मिळतात,
त्यांनाही ओढायचंच काम येतं.
एक मागच्या व्हरांड्यात ठेवू,
भिंतीतून पाइप आत घेऊ.
सूर तेरा लागतील,
माझ्या दुकानात एक मेलेली पेटी आहे.
टिकेल का? सांगता येत नाही.
मंठ्याच्या लोकांना काय सांगू
तेही अजून ठरलं नाही.

सोफ्याच्या दुकानातून क्लीनर उसना आणला,
पाइपाला ओला फडका गुंडाळला.
बाईंनी चष्मा पुसला, एकच पट्टी दाबली.
आवाज निघाला, थोडा घोगरा,
झोपेतून उठून दार उघडणाऱ्याचा.

तेवढ्यात लाइट गेली.
क्लीनर गप, पंखा गप, कॅसिओचा लाल ठिपकाही गेला.
भात्यात उरलेल्या ओढीवर
सूर मात्र चालत राहिला,
खाली खाली, बारीक होत.

"बघा," इस्तेरबाई म्हणाल्या,
बोट तसंच दाबून धरत,
"राहिला की नाही मागं?"