सतरावी पायरी

वाल्पाराइसोत सपाट जमीन फक्त बंदरापाशी.
बाकी सगळं गाव चढावर टांगलेलं.
एकतीस वर्षं मी या चढांवर टपाल वाटलं.
कुठल्या फाटकाची कडी ढिली,
कुठला कुत्रा नुसताच भुंकतो,
कोणाचं पत्र दाराखालून सरकवायचं
आणि कोणाचं सासूच्या नजरेआड हातातच द्यायचं,
सगळं पायांना पाठ होतं.
मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आता डॉक्टरच्या कागदावर लिहिलंय :
पहिला आठवडा, खोलीतल्या खोलीत.
दुसरा, दारापर्यंत.
पायऱ्या, विचारून.
कोणाला विचारून, ते लिहिलेलं नाही.

छातीचं हाड करवतीनं कापून
तारेनं परत बांधलंय.
खोकला आला की उशी कवटाळायची, नर्सनं शिकवलं.
सत्तरी ओलांडलेली बाई मी,
उशीला अशी मिठी मारून बसते
की शेजारची सुनिल्दा सूप घेऊन दारातच थबकते,
"एकांत देऊ का तुम्हां दोघांना?"
हसवू नकोस गं, मेले.
हसणं अजून कागदावर आलेलं नाही.

रात्री उताणंच झोपायचं. कूस नाही.
छताच्या पत्र्यावर मांजर चालतं ते मोजते,
बंदरात कुठलं जहाज भोंगा देतं ते ओळखते,
आणि मग उरतं ते एकच,
आतलं.
पायातली शीर काढून काळजाला जोडलीय म्हणे.
डाव्या पोटरीवर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत
शिवण आहे, रागानं घातल्यासारखी.
एखादी वस्तू हरवली की तिला पाय फुटले म्हणतात.
माझ्या काळजाला पाय फुटले
आणि ते जागेवर राहिलं.
इतकी वर्षं चढ चढलेली शीर ती,
दम लागला तरी ऐकायची नाही.
असं मी मलाच सांगते, पहाटे चारला,
जेव्हा मला काहीच पटत नाही.

पहिल्यांदा बाहेर पडले त्या दिवशी चार पायऱ्या.
वर नाही, खाली.
उतरणं सोपं, असं ज्याला वाटतं
त्याला परत यायचं नसतं.
चौथीवर बसले. जुलैचा दगड, बर्फासारखा गार.
शाळेतून येणारा नाहुएल म्हणाला,
"ओतिल्या आजी, किल्ली हरवली?"
हो म्हटलं.
तोही शेजारी बसला, दप्तर मांडीवर घेऊन,
किल्ली सापडेपर्यंत.

नंतर वरच्या बाजूनं. सहा. नऊ.
नऊवर तीन दिवस अडकले, मग ताप, मग परत दोन.
त्याबद्दल बोलायचं नाही मला.

आज सतरा.
एकतीस वर्षांत या जिन्यावर मी कधी टेकले नव्हते.
चढताना समुद्र पाठीशी, उतरताना नजर पायांशी.
आज टेकले, आणि समोर समुद्र नव्हताच,
कोणाची तरी वाळत घातलेली चादर होती,
पिवळी, वाऱ्यानं फुगलेली.
बराच वेळ तीच बघत राहिले.

तेवढ्यात वरचं फाटक वाजलं.
म्हातारा एर्मोहेनेस, विजार दोरीनं बांधलेली,
हातात चहात बुडवलेला पाव.
त्याचा मुलगा अंतोफागास्ताच्या खाणीतून लिहायचा,
महिन्याला एक, मग नाताळला एक.
माझी नोकरी संपून नऊ वर्षं झाली.
म्हातारा तीन पायऱ्या वरून वाकला :
"माझं काही आहे?"

मी खिसे चाचपले.
खरंच चाचपले.
"आज नाही."
"उद्या?"
"उद्या बघू."
त्यानं मान हलवली, जशी तेव्हा हलवायचा,
आणि पावाचा तुकडा तोंडात टाकून आत गेला.

कठड्याला धरून, मोजत, मी उतरले.
सोळाच भरल्या.
परत मोजायला कोण जाणार?
एक राहिली वर.
राहू दे.