गुरुवारचे डाव

एकतीस डिसेंबरला वही काढून बसले.
निळा पुठ्ठा, कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल.
सत्तेचाळीस गुरुवार.
दोन बर्फात गेले, एक मॉरीनच्या गुडघ्यात,
उरलेले दोन कुठे गेले, कोण जाणे.

हॅलिफॅक्समध्ये चर्चमागच्या त्या खोलीत
हीटर खोकायचा, काचा घामेजायच्या,
मेंढ्या देऊन गहू घ्यायचा, गहू देऊन विटा.
बाहेर डोंगरावर खऱ्या मेंढ्या भिजत उभ्या,
त्यांना कुणी विचारत नव्हतं.

एप्रिलात तांबडी सोंगटी हरवली.
तिच्या जागी मी चिंचोका ठेवला.
डेझमंड म्हणाला, हा पेरला तर काय येईल?
इथे? काहीच नाही, मी म्हटलं.
तरी त्याने एक मागून घेतला, खिशात टाकला.

आता पानं उलटताना दिसतंय :
जानेवारी, फेब्रुवारी, अर्धा मार्च,
जिंकलं कोण? मी. मी. पुन्हा मी.
तेव्हा घरात एकच ताट लागायचं
आणि श्रीरंगचे बूट दाराशी तसेच होते.
मला तर नियमही धड येत नव्हते.
बावीस फेब्रुवारी. पुलाचा पत्ता मॉरीनकडे होता,
तिच्या चष्म्यात मला तो उलटा दिसला होता.
चाळीस वर्षं बस चालवलेली बाई,
रस्ता अडवण्यात पटाईत,
तिने तो टाकलाच नाही.
नशीबच फुटकं, असं काहीसं पुटपुटली
आणि बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला.

मिरजेला आमच्या गल्लीत याला शब्द होता.
धाकट्याला खेळात घ्यायचं,
पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही.
लिंबूटिंबू.
त्याला कळता कामा नये, एवढीच अट.

या तिघांकडे हा शब्द नव्हता.
त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही.

मग मी हरू लागले. सणसणीत.
टोमॅशने तर पोटनियम काढकाढून हरवलं.
ही आता बरी आहे, असं त्यांनी कधी ठरवलं असेल?
चिंचोक्याच्या आसपास, बहुतेक.

वर्षाच्या शेवटच्या डावाला टोमॅशचा मेहुणा आला, पावेल.
तीन आठवड्यांपूर्वी विमानातून उतरलेला,
फासे ओंजळीत धरून फुंकर मारणारा.
शेवटच्या फेरीत पूल माझ्या हातात होता.
मॉरीनने चष्म्यावरून पाहिलं.
मी म्हटलं, पास.

वहीत लिहिलं : पावेल, एकसष्ट गुण.
त्याने आडनावाचं स्पेलिंग दोनदा सांगितलं.