ऱ्हस्व वेलांटी

आजऱ्याहून आलेली काजूची फांदी,
पानं खाकी, बोंडाची जागा रिकामी.
खाली मी चिठ्ठी चिकटवली: ऑक्सिडेंटालिस.
सामंगडकर बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला,
"लिंग बघ की गं."

मग परीक्षानळ्या विसळता विसळता शिकवलं:
लॅटिनमध्ये या विशेषणाचे पुरुष आणि बाई
एकाच ताटात जेवतात, दोघांनाही -लिस.
नपुंसकाचं पान वेगळं, त्याला -ले.
झाडाचं पहिलं नाव नपुंसक,
दुसऱ्यानं मुकाट त्याच्या मागं जायचं.
मी शेवट ब्लेडनं खरवडला.
मराठीत काजू तो, बी ती, झाड ते,
एका फांदीवर तिघं, आणि कुणाची तक्रार नाही.

मूळ धातू पडण्याचा.
सूर्य जिकडं पडतो, तिकडचं.
"पण वेलांटी ऱ्हस्व हं," बाई म्हणाल्या,
"दीर्घ केलीस तर अर्थ होतो ठार मारणं."
शुद्धलेखनात जन्मभर गुण घालवलेली मी
पहिल्यांदाच वेलांटीला भ्याले.

दौलू शिपाई टेबल पुसत होता.
"पश्चिमेचं म्हंजे कुणाच्या ओ?
आजरा तर हितनं दक्षिणेला."
बाई हसल्या. नाव ठेवणारा जिथं बसला होता
तिथनं बघायचं असतं, म्हणाल्या.
तिथं आपल्यातलं कुणी नव्हतं.

आपली पश्चिम तरी कुठली?
पश्चिम म्हणजे मागची, पाठीकडची.
उगवतीकडं तोंड करून उभ्या कुणीतरी
खांद्यावरून मागं न बघताच दिलेलं नाव.
आणि दक्षिण म्हणजे उजवा हात.
अंबाबाई तर मावळतीकडं तोंड करून उभी.
तिच्या पाठीशी पूर्व,
तिचा उजवा हात उत्तरेला.
व्याकरण महाद्वारात चपला काढून आत येतं
आणि कुठं उभं राहायचं ते त्याला कळत नाही.

नोव्हेंबरात किरणं आली तेव्हा आम्ही तिघं गर्दीत होतो.
आदल्या दिवशी पाय उजळले होते म्हणे.
आज ऊन कमरेपर्यंत चढलं,
रंकाळ्याकडनं ढग आला, तिथंच थांबलं.
सगळ्यांनी हात जोडलेले.
बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या,
"धातुसाधित आहे गं ते. वर्तमानकाळी.
पडलेला नव्हे. पडता."

विझत्या पट्ट्याकडं बघत दौलू म्हणाला,
"उद्या पोचंल."