मोजणी

कार्ड पोस्टाचंच, पन्नास पैशांचं.
सरांनी नाशिकरोडच्या पोस्टातून गठ्ठाच आणला,
म्हणाले, सव्वीस तारखेच्या आत
'देश म्हणजे माझ्यासाठी काय',
एका बाजूला मावेल तेवढंच लिहा.
गोळा करून भिंतीवर लावायचं काम माझ्याकडे,
कारण जेलरोडला घर, कॉलेजपासून चार पावलांवर,
आणि वर्गात डिंकाची बाटली फक्त माझ्याकडे.

वाचायची नव्हती. वाचली.

जोएल साळवेनं लिहिलं होतं
शरणपूरच्या कबरस्तानातल्या पणजोबांच्या दगडाबद्दल.
नाव मराठीत आहे, आणि कोरणाऱ्यानं
साळवेतला 'ळ' उलटा कोरलाय.
पुढचं वाक्य खोडलेलं,
परत लिहिलेलं, परत खोडलेलं.

मुमताज अत्तारचा फक्त प्रश्न:
"दर वेळी आधी मलाच का विचारता?"
खाली झोकदार सही.

रुपिंदरचे वडील तोफखान्यात.
देवळालीला सराव सुरू झाला
की आमच्याकडे तावदानांना कापरं भरतं.
तिनं लिहिलं, बदली होईल तिथली भाषा शिकले,
आता भांडायला लागले की तोंडातून मराठीच येते,
घरचे बघत राहतात.

किरण पगारेनं दोन घोषणा ठोकल्या, ठळक अक्षरांत,
आणि उरलेल्या कडेला बारीक पेन्सिलीनं:
खरं सांगू, मला माहीत नाही.

माझं कोरं होतं.

पप्पा एकतीस वर्षं छापखान्यात.
पासपोर्ट छापले, स्वतःचा काढला नाही.
निवृत्त होऊन चार वर्षं झाली,
अजून दारातून आत येताना
हात अंगापासून जरा लांब धरतात,
झडतीला उभं राहावं तसे.
आम्ही हसायचो. परवा हसले नाही.
विचारलं, पप्पा, काय लिहू?

ते मटार सोलत होते.
म्हणाले, एकदा एक कागद कमी भरला.
एकच.
दुसरी पाळी सुटायची वेळ, कोणाची बायको दवाखान्यात,
कोणाची मनमाडची गाडी.
गेट उघडलं नाही.
"चोर म्हणालं नाही कोणी कोणाला?"
"म्हणाले की. गचांडी धरली एकमेकांची.
पण साहेबसुद्धा गेला नाही घरी.
पहाटे तीनला सापडला,
दुसऱ्या कागदाला पाठीमागून चिकटलेला."
मग एक शेंग उघडून बघितली, किडकी निघाली,
बाजूला ठेवली,
आणि पुढं काही बोलले नाहीत.

रात्री मी कार्डं मोजली.
यादीत बेचाळीस, हातात एक्केचाळीस,
माझं कोरं धरून.

वनिता भोये.
हरसूलकडची, वसतिगृहात राहायची,
तिसऱ्या बाकावर, भिंतीकडच्या कोपऱ्यात.
शिष्यवृत्ती अडकली आणि दिवाळीनंतर आलीच नाही.
अडीच महिने.
हजेरीला तिच्या नावाला कोणीतरी 'हजर' म्हणत होतं.
कोणीतरी काय,
मीच.
चांगुलपणा वाटायचा तेव्हा तो.

आधी फोन मुमताजला केला.
म्हणाली, "बघ, परत आधी मलाच,"
आणि सहाला सीबीएसला आली,
कानाला मफलर, डब्यात साबुदाणा,
मला म्हणाली, तिचा पत्ता तरी आहे का?
नव्हता. गावाचं नाव होतं, आणि
एकदा ती बोलली होती,
घरासमोर मोहाचं झाड आहे, तेवढंच.
त्या बाजूला मोहाची झाडं किती असतील,
हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं.

पिशवीत दोन कार्डं, दोन्ही कोरी.
जोएलला सांगितलंय, भिंतीवर दोन जागा सोड,
डिंक लावून ठेवू नकोस, वाळेल.

त्र्यंबकला गाडी थांबली, धुकं, काचा पांढऱ्या.
एक म्हातारा चहाला उतरला तो येईना.
लोक कुरकुरायला लागले,
मागून कोणीतरी म्हणालं, चला हो, एकासाठी कुठं.
कंडक्टरनं डोकी मोजली,
परत मोजली,
घंटीची दोरी हातात धरली
आणि तशीच धरून उभा राहिला.