शेपूट

क्लबात मला शेपूट म्हणतात.
सगळ्यांत शेवटची गाडी माझी.
डिकीत पंक्चरचं सामान, कापूस, आयोडीन,
आणि एक डायरी: अठरा नावं, प्रत्येकापुढे रक्तगट,
एक नाव खोडलेलं.

पहाटे साडेपाचला वारजे पुलाखाली
हेल्मेटच्या काचांवर वाफ.
सुहृद करंदीकर भाषण करतो:
शर्यत नाही, घाटात ओव्हरटेक नाही,
ज्यानंत्यानं आपल्या मागच्याला आरशात ठेवायचं.
सगळे माना हलवतात. ऐकत कोणी नाही.
सतरा इंजिनं एकदम सुरू होतात
आणि पुलाखालची कबुतरं जागा सोडतात.

नवले पूल, बोगदा, खेड शिवापूरचा नाका.
आपल्याला टोल नाही, या आनंदात
इरफान दर वेळी हॉर्न वाजवतो.
कापूरहोळला उजवीकडे वळलं
की रस्ता पहिल्यांदा आपल्याशी बोलतो,
उसाच्या ट्रॉल्या, गुऱ्हाळाचा धूर,
भात कापून नेलेली खाचरं,
शेकोटीपाशी बसलेला एकजण
हात न काढता नुसत्या हनुवटीनं विचारतो: कुठं?

आज माझ्यापुढे नवी मुलगी आहे,
पल्लवी ढमढेरे, सहकारी बँकेत कॅशियर.
गाडी मामाची, जुनी येझदी.
"मामानं नाही दिली, मामीनं दिली,"
एवढंच सांगितलं तिनं. पुढे कोणी विचारलं नाही.

वळण यायच्या आधी तिचा ब्रेकलाइट लागतो.
वळणात लागतो.
वळण संपून रस्ता सुतासारखा सरळ झाला
तरी लागतो.
नीरा देवघरच्या पाण्याकडेनं
मी तो लाल ठिपका वाचत जातो:
भ्याली. सावरली. भ्याली. भ्याली.
आणि मधूनमधून मान किंचित उचलून
ती आरशात बघते, मी आहे का.
मी आहे.
माझं कामच ते.

वाघजाईपाशी भजी झाली, फोटो झाले,
दरीत कोकण होतं, धुरकट,
कुणीतरी म्हणालं, उतरायचं का खाली?
सुहृद म्हणाला, घरी सांगून आलोय सहापर्यंत.

परतताना, हिर्डोशीच्या अलीकडे,
माझी क्लचची केबल तुटली.
हसू नका.
सामानात सात केबली होत्या, सगळ्यांच्या गाड्यांच्या.
माझ्या गाडीची नव्हती.
फोनला रेंज नाही. पुढच्यांचा आवाज
एका वळणाआड गेला, मग दुसऱ्या,
मग नुसती टिटवी.
बावीस वर्षं मी मागे राहिलेल्यांसाठी थांबत आलो;
मागे राहिल्यावर कसं वाटतं
हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

मग भरड, तुटक, टू-स्ट्रोकचा आवाज
उलट्या दिशेनं.
"आरशात दिसला नाहीत," ती म्हणाली.
घाबरट माणसाची सवय.
बाकी पंधराजण भोरच्या वाटेवर होते.

क्लचशिवाय गाडी चालते.
उतारावर लोटायची, दुसरा टाकायचा,
इंजिनाचा सूर लागला की पायानं हलकेच पुढचा.
थांबायचं मात्र नाही.
"तुम्ही व्हा पुढे. मी आहे मागे."
वाक्य माझंच होतं.

आरशात
बावीस वर्षांत पहिल्यांदा
एक दिवा.
मी तीनदा पाहिलं. मग मोजायचं सोडलं.

भोरच्या स्टँडमागे मेस्त्री केबल ओवत होता,
आम्ही फळकुटावर बसून चहा घेतला.
"काका, धरणाकडचं ते जांभळाचं झाड.
वळण नव्हतंच तिथं फारसं.
गाडी बंद पडली असती तरी
तुम्ही ब्रेक दाबलात."

म्हणालो, कुत्रं आडवं आलं.

ती काही बोलली नाही.
रोज नोटा मोजते;
कुठली खोटी, ते बोटांना कळतं.
चहाचे पैसे तिनंच दिले.