लाल ठिपका

पत्त्याच्या पानाएवढी हिरवी पाटी,
तिच्यावर सोल्डरचे थेंब, मुंगीच्या अंड्यांसारखे.
आईच्या बिस्किटांच्या डब्याला भोकं पाडून
मी ती आत बसवली.
पत्र्याच्या डब्यात वाय-फाय गुदमरतो
हे दुसऱ्या दिवशी कळलं; मग केबल ओढली.
डबा फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी.
इथून चूल दिसते, नळ दिसतो, टेबलाची एक कड.
खुर्ची अर्धीच दिसते. असू दे.

सारेमा बेटावर जानेवारीत पाइप फुटतात
आणि मी समुद्रापल्याड, तुर्कूच्या इस्पितळात, रात्रपाळीला.
मला फक्त नळ बघायचा होता.
निदान सगळ्यांना मी तसंच सांगितलं.

पहिल्या रात्री पासवर्ड होता
कुत्र्याचं नाव नि माझं जन्मसाल.
सकाळी लॉग उघडला:
चार हजार आठशे बारा वेळा
कुणीकुणी दार ठोठावून गेलेलं,
रूट म्हणून, ॲडमिन म्हणून,
एकदा तर मारिया म्हणून.
आईचं नाव.
ती यंत्रं यादीतून नावं उचलतात, ठाऊक आहे मला.
तरी चहा निवेपर्यंत त्या ओळीवरून नजर हलली नाही.

मग पासवर्डच काढून टाकला.
किल्ली घडवली, चार ओळी भरून अक्षरं,
जिभेला न पेलणारी.
राउटरची खिडकी बंद, बाहेरून भिंतच दिसावी;
आत यायला एकच बोगदा, त्याचं दुसरं तोंड माझ्या खिशात.
आणि घराची खरी किल्ली?
ती उंबऱ्याशी, पालथ्या बादलीखाली.
पोस्टवालीला माहीत, मासेवाल्याला माहीत,
हेल्दुरला तर माझ्या जन्माआधीपासून.

हेल्दुर दिवसाआड येऊन चूल पेटवतो.
तिसऱ्या दिवशी चित्र काळं झालं.
औषधांच्या खोलीत उभी राहून मी सगळं तपासलं:
पाटी जिवंत, तापमान एकेचाळीस, बोगदा शाबूत,
आत माझ्याशिवाय कुणी नाही.
फक्त अंधार.
फोन लावला.
"टोपी घातलीय त्याला," तो म्हणाला,
"चूल पेटवेपर्यंत तुझी आईसुद्धा
माझ्याकडे असं टक लावून बघत नसे."

मग थोड्या वेळाने, घसा खाकरून:
"बघ की. पण बघतेस ते मला कळू दे."

पुढल्या फेरीबोटीने मी एक लाल दिवा नेला,
मोहरीच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा,
एक रोधक, आणि कोडच्या बारा ओळी:
कुणी आत आलं, की पेट. गेलं, की विझ.
बस. डोळ्यांत तेल घालायचं ते एवढंच.

आता तो दिवा पेटला की हात वर करतो.
थर्मामीटर कॅमेऱ्यासमोर धरतो, उलटा.
एकदा तळघरात सापडलेली मुरंब्याची बरणी धरली,
चिठ्ठीवरचं अक्षर वाचता येईपर्यंत हलला नाही.
आवाज मी जोडलेला नाही.
त्याचे ओठ हलताना दिसतात,
कधी माझ्याकडे बघून,
कधी त्या अर्ध्या खुर्चीकडे.

फेब्रुवारीत, सकाळी आठला त्याचाच फोन.
"रात्रभर लाल होतं. तीनपासून.
माझ्या खिडकीतून दिसत होतं. कोण होतं गं?"

हात गार पडले. लॉग उघडला.
दोन पन्नास ते सहा सदतीस, पत्ता एकच.
माझा.
सुट्टीची रात्र होती. फोन रजईत सापडला,
तव्यासारखा तापलेला, चार टक्के उरलेला;
पडद्यावर अजून तेच,
नळ, चूल, टेबलाची कड.

"मीच होते," म्हटलं, "बघता बघता डोळा लागला."

"बरं बरं," तो म्हणाला. "मला काय कळणार?
म्हटलं, कोण का असेना, गारठ्यात बसलंय.
चारला उठून चूल पेटवून आलो."

"आणि नळ?"

"नळाला काय धाड भरलीय."