भाव सारखा असेल तर

प्रश्नचिन्हाच्या अलीकडं पत्ता,
पलीकडं मागणं.
सॉर्ट बरोबर, मग उणे, मग भाव.
चढा आधी, उतरता मागनं.
एवढीशी आडवी रेघ ती,
अडत्यानं ढेपेवर नखानं ओढावी तशी.

राजारामपुरीत, आठव्या गल्लीत,
डेअरीच्या वर माझी खोली.
खाली पहाटे कॅन आदळतात,
वर मी मार्केट यार्डातले गुळाचे सौदे
वीस-वीसच्या पानांत मांडते.

सुरुवातीला भाव आकडा न मानता
अक्षरं मानली होती मी.
दहा हजारांचा सेंद्रिय गूळ गेला तळाला,
कारण एक हा चारापेक्षा लहान.
अडत्या फोनवर पोटभर हसला,
म्हणाला, तुमच्या मशिनला पैशातलं कळत न्हाई ताई.
ते दुरुस्त केलं. वाटलं, झालं.

मग वडणग्याच्या सदबा कारंड्यांचा फोन.
"पयल्या पानावर मी न्हाई.
दुसऱ्यावर बी न्हाई.
गूळ तर इकलाय, पट्टी खिशात हाय.
मग मी हाय कुठं?"

शोधलं.
त्या दिवशी एक्केचाळीस नोंदी
एकाच भावाच्या: चार हजार दीडशे.
आणि भाव सारखा असला
की कुणी कुणाच्या पुढं बसायचं
हे मी सांगितलंच नव्हतं.
सर्व्हर आपल्या सोयीनं बसवत होता,
दर वेळी नव्यानं.
पहिलं पान मागितलं तेव्हा सदबा एकविसावे,
दुसरं मागेपर्यंत सरकून विसावे.
दोन्ही दारं उघडली,
दोन्ही वेळा माणूस दुसऱ्याच खोलीत.
आणि आक्काताई पोवारांचा गूळ मात्र
दोन्ही पानांवर, दोनदा विकलेला.
त्यांची काही तक्रार नव्हती.

म्हणजे एक स्वल्पविराम हवा,
आणि त्याच्यापुढं दुसरी अट.
कुठली?
वजन लावावं, तर मोठ्या काहिलीवाला कायम वर.
नाव लावावं, तर आडनावानं जन्मभर मागं बसलेले
इथंही मागंच.
(नावांच्या नादात सहज बघितलं:
ळ वरनं कुणाचंच नाव सुरू होत नाही.
सगळा गूळ मात्र त्याच्यावरच येऊन थांबतो.)
तास, मिनिट लावावं, तर एका मिनिटाला
चार-चार ट्रॉल्या काट्यावर.

शेवटी नोंद क्रमांक लावला.
त्याला जात नाही, गाव नाही,
गुळाचा रंग पिवळाधमक की काळपट, ठाऊक नाही.
दोघांना एकच कधी मिळत नाही,
आणि मिळालेला बदलत नाही,
एवढाच त्याचा गुण.

सदबांना म्हटलं, आता बघा.
पलीकडं चुलवाणात चिपाडं तडतडत होती,
कुणीतरी काकवी आली का म्हणून ओरडत होतं.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"दुसऱ्या पानावर. सगळ्यात वर.
पर पान उलटल्याबिगार दिसत न्हाई मी."
ते खरंच होतं.
त्यावर माझ्याकडं कुठली अट नव्हती.

खाली उतरले तेव्हा डेअरी उघडायची होती.
पायरीपासनं विजेच्या खांबापर्यंत
किटल्यांची रांग: एक झाकण नसलेली,
एक चेपलेली, एकीला लाल दोरा.
बाया आपापल्या घरी.
कुणी बघत नव्हतं.
चेपलेली जिथल्या तिथं.